सोयगावची कोकरं

मला भीती वाटली की मी भांडते. हे माझ्या आईला माहीत आहे, बहिणीला माहीत आहे, आणि त्या दिवशी सकाळी दहापर्यंत मजीदभाईलाही कळलं. भित्री माणसं गप्प बसतात असं लोकांना वाटतं. माझं उलट आहे. हातपाय गळाले की माझी जीभ सुटते, आणि मग समोर कोण आहे हे मी बघत नाही.

मी सोयगावच्या बाजूच्या एका खेड्यातली पशुसखी. शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, लशीच्या दिवशी डॉक्टरांबरोबर दारोदार फिरायचं, एखादी अडली तर धावत जायचं, हे माझं काम. आमच्या बचत गटातल्या नऊ बायकांनी यंदा मेंढ्या पाळायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच त्यांच्या मागं लागले. आमच्याकडं घरोघरी शेळी. मेंढी कुणी दारात बांधत नाही. 'विशाखा म्हणती तर बघू' म्हणत त्यांनी माना डोलावल्या, आणि कोकरं निवडून घरपोच आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अठरा कोकरं, तीन-चार महिन्यांची, नुकतीच आईपासून तोडलेली, सगळ्या माद्या. एकीला दोन. त्यातलं एक जरी वाटेत दगावलं तर ते कुणाच्या वाट्याचं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

कोकरं घ्यायची होती मोतीराममामांकडून. पैठण रोडला, चितेगावच्या पुढं, त्यांचा मेंढ्यांचा वाडा आहे. दख्खनी मेंढी सांभाळावी तर त्यांनीच, असं आमचे डॉक्टरसुद्धा म्हणतात. मी आदल्या दिवशी एसटीनं शहरात आले आणि उस्मानपुऱ्यात बहिणीकडं, संध्याकडं, मुक्काम केला. नेहमी जनावरं नेणाऱ्या गाडीवाल्यानं आयत्या वेळी नाही म्हणून सांगितलं. मग संध्याच्या नवऱ्यानं ओळखीतला मजीदभाई गाठला. माझ्याच वयाचा, पिकअप चालवणारा, रोज गुलमंडीत कापडाचे गठ्ठे उतरवणारा माणूस. त्याच्या गाडीत आजवर जनावर चढलेलं नव्हतं.

सकाळी सहाला तो दारात आला तो कागद मागतच.

"ताई, डॉक्टर का सर्टिफिकेट? उसपे गाडीचा नंबर लिहिलाय का? अन् माझं नाव?"

सगळं होतं. किती कोकरं, कुठून कुठं, कुणाच्या गाडीतून, खाली सही-शिक्का. त्यानं कागद दोनदा वाचला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि समोरच्या काचेपाशी असा ठेवला, की बाहेरून शिक्का दिसावा.

"मेंढ्या आहेत, मजीदभाई," मी म्हणाले. "मेंढ्यांना कोण अडवतंय?"

"वो मेरे को मालूम है, ताई. रस्त्यावरच्याला कुठं मालूम?"

मला हसू आलं. उगाच बाऊ करतोय, असंच मला वाटलं.

मोतीराममामांच्या वाड्यावर पोचलो तेव्हा त्यांच्या बायकोनं, कडूबाईंनी, अठराही कोकरं वेगळी काढून ठेवली होती. प्रत्येकीच्या कपाळाला भंडारा लावलेला. कडूबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि एकेकीला हनुवटीला धरून काहीतरी सांगत होत्या. मामा हसून म्हणाले, "दर वर्साला असंच करती ती. लेकी सासरी धाडल्यासारखं."

कोकरांच्या ओठांना हिरवं लागलेलं मला दिसलं होतं. मी आदल्या संध्याकाळी मामांना फोनवर बजावलं होतं, की निघायच्या आधी मूठ मूठ वाळला चारा द्या, बाकी काही नको. ते हिरवं दिसल्यावर मी विचारायला हवं होतं. पण मी त्या वेळी ताडपत्रीवरून भांडत होते. फेब्रुवारीतलं ऊन दहानंतर चावतं, म्हणून मला हौद्यावर ताडपत्री हवी होती. मजीदभाई ती बांधायला तयार नव्हता.

"झाकलं की लोकांना वाटतं, लपवलंय. उघडं राहू दे. दिसू दे सगळ्यांना, कोकरं हायेत म्हणून."

शेवटी अर्धी झाकली, अर्धी उघडी ठेवली. निघताना तो म्हणाला, "ताई, खिडकीची काच खाली ठेवा. तुम्ही दिसायला पाहिजे." मी फणकारले, "मी काय बुजगावणं आहे का?" पण काच खालीच ठेवली.

शहर ओलांडलं, हर्सूल गेलं, फुलंब्री गेली. मी दर पाच मिनिटांनी मागच्या काचेतून बघत होते. फुलंब्रीच्या पुढं एक कोकरू पाय फाकवून, मान ताणून उभं दिसलं. तोंड उघडं होतं.

"गाडी थांबवा."

आजूबाजूला फक्त शेतं होती, म्हणून त्यानं लगेच थांबवली. मी हौद्यात चढले. त्या कोकराच्या डाव्या कुशीवर टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला. दुसरीला चाचपलं, तिसरीला. सहा कोकरांच्या कुशी फुगून वर आल्या होत्या, आणि बाकीच्यांच्याही हळूहळू चढत होत्या. मी तिथंच बसून मामांना फोन लावला.

"मामा, सकाळी काय खाऊ घातलं?"

"वाळलं वैरण दिलं की, तू सांगितलं तेवढंच." मग मागं कुजबुज झाली, आणि फोनवर कडूबाईंचा रडवेला आवाज आला. "विशाखा, मी पहाटं थोडा लसूणघास कापून घातला गं. लई कवळा होता. लेकी परगावी निघाल्या, वाळल्या काडीवर कशा धाडू?"

पहाटेचा दवानं भिजलेला लसूणघास, रात्रभर आईविना उपाशी राहिलेल्या कोकरांना. त्या बाईनं जीव लावून खाऊ घातलं होतं. मला तिच्यावर ओरडताही येईना.

असं फुगलं की पोटात फेस धरतो आणि वाऱ्याला वाट मिळत नाही. गोडंतेल पोटात गेलं की फेस मोडतो, कोकरू ढेकर देतं आणि सुटतं. वेळेत मिळालं तर. माझ्या पिशवीत औषधाची एक लहान बाटली होती, जेमतेम दोघींना पुरेल एवढी. सर्वांत वाईट दिसणाऱ्या दोघींना ती पाजली आणि केबिनमध्ये आले.

"पुढच्या वस्तीवर थांबवा. तेल पाहिजे, किलोभर तरी."

"वस्तीवर नको, ताई. सिल्लोडला माझ्या ओळखीचा गॅरेजवाला हाये. तिथं थांबू."

"सिल्लोडपर्यंत निम्मी मरतील!"

त्यानं गाडी चालू केली. पहिली वस्ती आली. पारावर दहा-बारा माणसं बसलेली होती. त्यानं वेग कमी केला, माणसं पाहिली आणि पाय परत दाबला. दुकान माझ्या डोळ्यांसमोरून मागं गेलं. मग मी जे बोलले ते लिहायला मला लाज वाटते. तुला जीव नाही, तू फक्त स्वतःला जप, कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्याला जितराबाची काय किंमत, असं सगळं. तुम्हीवरून तूवर आले होते मी. शेवटी म्हणाले, "उतर खाली, मी चालवते." मला सायकलसुद्धा धड येत नाही.

तो ऐकून घेत होता. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "माझा मावसभाऊ बकऱ्या घेऊन चालला होता. बकऱ्या, ताई. दोन वर्सं झाली. कुणी मारलं नाय त्याला. फक्त रस्त्यावर बसवून ठेवला, चार तास, अन् लोक फोटो काढत होते. तेव्हापासून तो गाडीला हात लावत नाय. घरात बसून आसतो."

मागं काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. त्यानं तो ऐकला, मीही ऐकला. पुढं एका फाट्यावर किराणा दुकान दिसत होतं, पत्र्याच्या दोन शेड, एक चहाची टपरी. मजीदभाईनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि गाडी तिथं घेतली.

आम्ही पडलेलं कोकरू खाली उतरवून ठेवलं तोच माणसं जमली. आधी दुकानदार, मग टपरीवरची दोघं-तिघं, मग मोटारसायकलवरून तिघं तरणे. त्यांतला एक गाडीभोवती चक्कर मारून आला. त्याच्या बरोबरचे त्याला शिवराज म्हणत होते. दुसऱ्यानं मोबाईल काढून समोर धरला.

"काय झालं, ताई? मेलं का ते?"

"पोट फुगलंय. गोडंतेल द्या, लवकर."

दुकानदार आत गेला. शिवराज मजीदभाईकडं बघत होता. मजीदभाई गुडघ्यावर बसून कोकराची मान धरून होता, आणि त्याचे हात इतके थरथरत होते की कोकराचे कान हलत होते.

"कुठून आणली? कुठं चालवलीत?" शिवराजनं विचारलं, आणि मजीदभाईकडं बोट केलं. "यांचं नाव काय?"

नाव विचारण्याचा तो सूर मला जन्मापासून ओळखीचा आहे. शाळेत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, नुसतं विशाखा सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, 'पूर्ण नाव?' आणि आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी जागच्या जागी बसतं. त्या प्रश्नाला मी कधी खोटं उत्तर दिलेलं नाही. माझ्या बापानं आम्हां दोघी बहिणींना तेवढं एक शिकवलं होतं, की नाव सांगताना मान खाली घालायची नाही. आणि त्या फाट्यावर, मोबाईल समोर असताना, मजीदभाईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "गोकुळ. माझा भाऊ आहे, गोकुळ."

मजीदभाईची मान वर झाली नाही. हात मात्र थरथरायचे थांबले.

"बरं," शिवराज म्हणाला. "कागद हायेत का?"

आणि मजीदभाईनं, सकाळपासून ज्या प्रश्नाची तयारी केली होती तो शेवटी आला म्हणून, पटकन काचेकडं हात केला. हात अर्ध्यावर गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. माझ्याही. त्या कागदावर डॉक्टरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, वाहनचालक शेख मजीद. जो कागद आम्हाला सांभाळणार होता, त्याचीच मी माती करून ठेवली होती.

पण शिवराजनं तोवर कागदाची पिशवी उचलली होती. तो उभ्यानं वाचू लागला. पळायचं म्हटलं तरी कुठं पळणार होतो? त्याचे ओठ हलत होते. म्हणजे तो अक्षर न् अक्षर वाचत होता. खालपर्यंत वाचलं. मग कागद घडीवर घडी घालून पिशवीत ठेवला आणि माझ्याकडं न देता मजीदभाईच्या खिशात सरकवला.

"अठरा हायेत. बराबर," तो म्हणाला. मोबाईलवाल्याकडं वळून म्हणाला, "ठेव तो फोन. कोकरं धरायला ये."

दुकानदारानं तेल आणलं. मी सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडत गेले. मान फार वर केली तर तेल श्वासनळीत जातं, म्हणून मी ओरडत होते, "मान सरळ! सरळ धरा!" आणि शिवराज, मजीदभाई, मोबाईलवाला, टपरीवरचा म्हातारा, सगळे माझं ऐकत होते. पाजलेलं कोकरू पुढून उचलून धरायचं, कूस चोळायची, चालवायचं. पहिल्या कोकरानं ढेकर दिला तेव्हा तो म्हातारा लहान पोरासारखा हसला. पाऊण तासात अठराही पायांवर उभी होती. पडलेली ती एक जरा डुलत होती, पण उभी होती. मी एवढी घाबरलेली नसते तर रडले असते.

शिवराज आमच्याकडं बघत उभा होता. त्यानं नाव वाचलं होतं की नव्हतं, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

गाडी सुटल्यावर मला वाटलं, तो काहीतरी म्हणेल. वाचवलंत, असं काहीतरी. खोटं कशाला सांगू, मी त्याची वाट बघत होते. सिल्लोड मागं पडल्यावर तो म्हणाला, "भाऊ म्हणालात, ताई. तेवढं बस होतं. नाव कशाला बदललं?"

तेवढ्यात त्याची नजर आरशात गेली आणि तिथंच राहिली. मागून मोटारसायकल येत होती. शिवराज, एकटा. मजीदभाईनं वेग वाढवला, त्यानंही वाढवला. हॉर्न वाजवत होता, हात करत होता. अजिंठा गाव आलं, गर्दीत गाडी अडली, आणि मोटारसायकल माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. काच खालीच होती. ती वर करायचंही मला सुचलं नाही.

"किती पळवता, ताई! पिशवी राहिली तुमची दुकानात." त्यानं माझी औषधांची पिशवी आत दिली. मग वाकून पलीकडं बघत म्हणाला, "मजीदभाई, घाटात गाडी जपून न्या."

एवढं बोलून तो वळला आणि गेला.

आजवर मी ते वाक्य मनात किती वेळा म्हणून पाहिलं असेल. चांगल्या मनानं म्हटलं असणार. इतका लांब पिशवी द्यायला आलेला पोरगा वाईट कसा असेल? पण त्या वेळी केबिनमध्ये तसं ऐकू आलं नाही. मजीदभाईच्या कपाळावर घाम आला होता.

"त्याला नाव मालूम झालं," तो म्हणाला. "गाडीचा नंबर मालूम. अन् हे पण मालूम, की आपण झूट बोललो. आता त्यानं कुणाला फोन केला तर?"

"तसा नाही तो."

"खरं सांगितलं असतं तर मी पण म्हणालो असतो, तसा नाय. आता मला काय ठाऊक?"

घाट लागला. प्रत्येक वळणावर मजीदभाई आरशात बघत होता, आणि मीही. पुढं एका कठड्यापाशी चार-पाच मोटारसायकली उभ्या होत्या. पोरं फोटो काढत होती, दुसरं काही नाही. त्यांच्या शेजारून जाताना मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. तेव्हाच मागं पाहिलं. तीच, मघाशी पडलेली कोकरी, पुन्हा आडवी झाली होती. पाय झाडत होती. पिशवीत सिरिंज होती, बाटलीत उरलेलं तेल होतं. गाडी पाच मिनिटं थांबली असती तर पुरलं असतं.

मी मजीदभाईला सांगितलं नाही. थांबवा म्हणाले नाही. दोन तासांपूर्वी ज्या गोष्टीसाठी मी त्याला नाही नाही ते बोलले होते, तीच मी केली. समोर बघत बसले. त्या पोरांपासून, त्या आरशापासून, आपण लांब जावं, एवढंच मला हवं होतं. घाट उतरला, फर्दापूर आलं, डावीकडं सोयगावचा रस्ता लागला, आणि मग मी मागं पाहिलं. ती हलत नव्हती.

गावात पोचलो तेव्हा नऊही जणी समाजमंदिराच्या आवारात थांबल्या होत्या. त्यांनी टोपल्यांतून पाला आणला होता, तो मी आधी बाजूला ठेवायला लावला. सतरा कोकरं उतरली. अठरावी मजीदभाईनं दोन्ही हातांवर घेऊन उतरवली आणि चिंचेखाली ठेवली. तिच्या कपाळावरचा भंडारा तेलात पसरला होता.

"वाटेत गेली," मी म्हणाले. "पोट फुगून."

"बाकीच्या आणल्यास ना जित्या? मग झालं तर," करुणाकाकू म्हणाल्या. "ती माझ्या वाट्याची धर. मला एक पुरं." सत्तरीची बाई ती, घरात एकटी. कुणी मला दोष दिला नाही. उलट दमली असशील म्हणून एकीनं खुर्ची आणली. मी कुठं, कधी, काय बघत बसले होते ते त्यांना मी सांगितलं नाही. अजून नाही सांगितलं.

मजीदभाई हौदा धुऊन एका बाजूला उभा होता. करुणाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडं गेल्या.

"लई लांबून आलास रे बाबा. पाणी पी. नाव काय तुझं?"

त्यानं तांब्या घेतला. तोंडाला लावला नाही. काकू उत्तराची वाट बघत उभ्या होत्या, आणि तो मान वळवून माझ्याकडं बघत होता, मी कोणतं नाव सांगते म्हणून.